बायोडाटात मधली वर्षं कशी दाखवू? (बडोदा, अकाउंट्सची नोकरी)

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. एम. एस. युनिव्हर्सिटीतून 2010 मध्ये बी.कॉम. केलं. काम अकाउंट्सचं: टॅली, जीएसटी, टीडीएस, पगारपत्रक. कामात कुणी नाव ठेवलेलं नाही, घोडं अडतं ते बायोडाटापाशी.

आधी रावपुऱ्यात एका सीएच्या ऑफिसात होते. 2014 ते 2018 मकरपुरा जीआयडीसीतला एक कारखाना, पीएफ वगैरे रीतसर. मग सासूबाईंना पक्षाघात झाला नि मी घरी बसले. घरी बसले म्हणजे नावालाच. ओळखीच्या दुकानदारांचे जीएसटीचे रिटर्न भरत होते. थ्री-बी म्हणजे दर महिन्याचं जीएसटी रिटर्न, त्याची शेवटची तारीख 20, त्यामुळे 19 च्या रात्री कुणीतरी बिलांची पिशवी घेऊन दारात हजर! 2022 मध्ये सुट्या भागांच्या एका कंपनीत लागले. ती वर्षभरात बसली. ना रिलीव्हिंग लेटर, ना शेवटचा पगार, मालक फोन उचलत नाहीत. त्यानंतर थोडे महिने एका शाळेत बदली क्लार्क, आता पुन्हा घरूनच रिटर्न.

परवा अलकापुरीत मुलाखत होती. समोरच्या भाईंनी पेन्सिलीने 2018 ला गोल केला, 2022 ला गोल केला, मध्ये रेघ ओढली आणि विचारलं, "वच्चे शुं कर्युं, बेन?" मी सासूबाईंच्या आजारपणापासून सुरुवात केली. त्यांनी मान हलवली नि पुढच्याचा बायोडाटा उचलला.

एक प्लेसमेंटवाला म्हणतो, कारखान्याची तारीख 2020 पर्यंत ओढा, कोण बघतंय? मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही सुचत नाही. बसलेल्या कंपनीचं नाव लिहू की गाळू? आणि शाळेचं?

मांजलपूरकर:
ताई, तारीख अजिबात ओढू नका. यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराच्या, सर्व्हिस हिस्टरीत लागल्याची नि सोडल्याची तारीख असते, पडताळणीवाले बहुतेक तीच मागतात. तिथे दोन वर्षांचा फरक निघाला तर हातातली ऑफरही जाते.

उलट आधी तुमचं पीएफचं खातं ऑनलाइन उघडून बघा. बसलेल्या कंपनीने 'डेट ऑफ एक्झिट' टाकली नसेल, तर कागदोपत्री तुम्ही अजून तिथेच आहात आणि नवीन नोकरी लागली की एकाच वेळी दोन दिसतील. शेवटचा पीएफ जमा होऊन दोन महिने उलटले की ही तारीख आपली आपल्याला भरता येते: 'मॅनेज', मग 'मार्क एक्झिट', आधारच्या मोबाइलवर ओटीपी. तारीख मात्र शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा, त्याच महिन्यातली लागते. म्हणून आधी पीएफचं पासबुक बघा, मग बटण दाबा. कंपनीचं नाव गाळू नका, पीएफ कापला असेल तर ते तिथे दिसणारच.

सीएचं ऑफिस तिथे दिसलं नाही तर घाबरू नका. वीसपेक्षा कमी माणसं असली तर पीएफ सहसा सक्तीचा नसतो.

बिलबुक:
अहो, 2018 ते 2022 ही गॅप आहेच कुठे? 'स्वतंत्र अकाउंट्स व जीएसटी काम, बडोदा' अशी सरळ ओळ टाका, खाली कोणत्या धंद्यांचं काम केलं ते लिहा. मुलाखतीतही आधी काम सांगा. आजारपण एका वाक्यात, तेही विचारलं तर. मी स्वतः माणसं घेतो. घरची अडचण सगळ्यांनाच असते, मला एवढंच बघायचं असतं की बाईंचा हात चालू होता की बंद. शाळेचं माझ्या मते गाळा, उगाच प्रश्न वाढतात.

मांजलपूरकर:
शाळेचं गाळण्याशी असहमत. ते काढलंत तर पुन्हा एक भोक पडतं. 'तात्पुरती नेमणूक' हे दोन शब्द पुढे जोडा, कुणी आक्षेप घेत नाही.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. आत्ताच पाहिलं, एक्झिटची जागा खरंच रिकामी आहे! पण दुकानदारांच्या कामाचा पुरावा काय देऊ? बरेचसे पैसे रोखीत यायचे.

बिलबुक:
दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांकडून त्यांच्या लेटरहेडवर पत्र घ्या: कधीपासून कधीपर्यंत, कोणतं काम, खाली सही-शिक्का. सोबत त्या वर्षांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरली असतील तर ती, आणि बँकेत जे काही आलं त्याचं स्टेटमेंट. एवढं पुरतं.