शब्दचर्चा: हिवतापाचा परजीवी ‘सरपटतो’, ‘घसरतो’ की ‘सरकतो’?

टाकसाळ: आरोग्यसेवकांसाठीची एक पुस्तिका मराठीत करतोय. वाक्य असं आहे, की डास चावल्यावर स्पोरोझॉइट (हिवतापाच्या परजीवीची डासातून अंगात येणारी अवस्था) त्वचेतून ‘ग्लायडिंग’ करत रक्तवाहिनीपर्यंत पोचतात. मी ‘सरपटत’ लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी त्याचं ‘घसरत’ केलं. मला दोन्ही खटकतात. पुढे ‘इन्व्हेजन’ला ‘आक्रमण’ लिहिलंय, तेही जड वाटतं. तुम्ही काय वापराल?

निवडुंग: ‘घसरत’ नकोच. पाय घसरतो, जीभ घसरते, त्यात कोणाचा इरादा नसतो. हा स्वतःच्या जोरावर जातो, सेकंदाला एक-दोन मायक्रोमीटर. सूक्ष्मजीवाच्या मानाने हा वेग चांगलाच म्हणायचा.

सातबारा: मग ‘सरपटत’ काय वाईट? सापाला पाय नाहीत, यालाही नाहीत.

निवडुंग: साप अंगाला वळसे देत पुढे जातो. स्पोरोझॉइट मुळात बाकदार असतो, पण पुढे जायला त्याला अंग वळवावं लागत नाही. काचेवर सोडला तर गोल गोल फिरत राहतो. त्याला शेपटी नाही, केस नाहीत, अमीबासारखे छद्मपादही नाहीत. सगळी यंत्रणा बाहेरच्या पटलाखाली असते आणि ती ॲक्टिन-मायोसिनची, म्हणजे आपल्या स्नायूंतल्याच प्रथिनांच्या घराण्यातली. पृष्ठभागावरचं ‘ट्रॅप’ नावाचं प्रथिन बाहेर कशाला तरी पकडतं, आतली मोटर ते मागे खेचते आणि अंग पुढे जातं. ताणलेला दोर हातांनी मागे ओढत आपण पुढे जावं, तसं. प्रथिन मागच्या टोकाशी पोचलं की विकर (एन्झाइम) ते कापतं आणि पकड सुटते. माझं मत ‘सरकत’ला.

टाकसाळ: ‘सरकत’ पटलं. पण मथळ्यासाठी नाम लागेल. ‘सर्पणगती’?

सातबारा: वाचणारा चुलीतलं सरपण शोधेल. ‘विसर्पण’ म्हणाल तर आयुर्वेदात विसर्प हा त्वचेचा रोग आहे, आणि तुमचं वाक्य नेमकं त्वचेतच आहे! साधं ‘सरकचाल’ करा. कोशात नसेना का, पहिल्या वाचनात कळतं.

मुळाक्षर: एक पुरवणी. शेपटी नाही हे सगळ्या अवस्थांना लावू नका. 1880 मध्ये अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइनला फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरां यांनी आजारी सैनिकाच्या रक्तात जोरात हलणारे धागे पाहिले आणि हे काहीतरी जिवंत आहे अशी त्यांची खात्री पटली. ती परजीवीची नर युग्मकं (प्रजननपेशी) होती, त्यांना कशाभिका, म्हणजे चाबकासारखी शेपटी असते. तिथे ‘वळवळणे’च हवं. त्यामुळे अख्ख्या पुस्तिकेत ‘सरकणे’ शोधून-बदलून टाकू नका.

‘आक्रमण’ मात्र काढा. तिथे दोन वेगळ्या क्रिया एका शब्दात कोंबल्या जातात. स्पोरोझॉइट यकृताच्या ज्या पेशीत अखेर मुक्काम करतो, तिच्याआधी काही पेशींमधून आरपार जातो. त्या पेशींचं पटल फाटतं. हे ‘भेदून पार जाणे’. मुक्कामाच्या पेशीत तो असा जात नाही. यकृतातून निघालेले मेरोझॉइट (परजीवीची पुढची अवस्था) तांबड्या पेशीत जातात, तेही पटल न फोडता. आधी चिकटायचं, मग टोक पेशीकडे वळवायचं, मग पटलाशी घट्ट सांधा जुळवायचा. गंमत म्हणजे सांध्याच्या दोन्ही बाजू परजीवीच पुरवतो. एक प्रथिन तो पेशीच्या पटलात सोडतो आणि आपल्या अंगावरच्या दुसऱ्या प्रथिनाने ते पकडतो. मग तो सांधा पुढून मागे सरकत जातो, पटल आत वळतं आणि परजीवी पेशीच्या आत एका पुटीत, म्हणजे पटलाच्या पिशवीत जाऊन बसतो. सगळा कारभार साधारण मिनिटाभराचा. इथे ‘शिरणे’.

सातबारा: नाम ‘शिरकाव’ करणार असाल तर सांभाळून. ‘तालुक्यात मलेरियाचा शिरकाव’ ही बातमी वाचायची सवय असते, आरोग्यसेवकाला तर जास्तच.

टाकसाळ: ‘घुसखोरी’ कसं वाटतं?

मुळाक्षर: वर्तमानपत्री. शिवाय परजीवीला पेशीवर नेमकं प्रथिन सापडावं लागतं, नुसतं घुसणं पुरत नाही. व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या परजीवीच्या एका जातीला मुख्यतः डफी नावाचं प्रथिन लागतं. पश्चिम आफ्रिकेत बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर ते नसतं, म्हणून तिथे व्हायव्हॅक्स विरळा. ‘शिरकाव’च ठेवा, पण दर वेळी ‘पेशीत’ जोडून.

निवडुंग: आणि कर्ता परजीवी ठेवा, रोग नव्हे. ‘परजीवीचा पेशीत शिरकाव’ म्हटलं की तालुका आपोआप बाहेर पडतो.

टाकसाळ: लसीच्या परिच्छेदावर करून पाहिलं: ‘पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर21 लस स्पोरोझॉइटच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. यकृताच्या पेशींत शिरण्याआधीच त्याला अडवणे हा तिचा हेतू.’ चालेल?

सातबारा: ‘त्याला’ म्हणजे प्रथिनाला असं वाचलं जातंय. ‘स्पोरोझॉइटला’ पुन्हा लिहा. बाकी चालेल.