गॅरेज भाड्याने दिलं, पण आतल्या सामानाची जबाबदारी कुणाची?

खुंटी

ओळखीतल्या दोघांचं सध्या चांगलंच वाजलंय. एकाचं घराला लागून गॅरेज, गाडी विकल्यापासून रिकामं. दुसऱ्याला घर बदलताना सामान ठेवायला जागा हवी होती. "ठेव की, महिन्याला ठरलेलं देत जा," एवढ्या बोलण्यावर व्यवहार झाला. कागद नाही, पावती नाही, किती दिवस तेही नाही. पुढे भाडं यायचं थांबलं आणि फोन उचलणंही. मालकाने वैतागून कुलूप बदललं. मग सामानवाला उगवला. त्याला सांगितलं, आधी बाकी चुकती कर, मग सामान ने. शटर उघडलं तर खालच्या थरातली खोकी ओल येऊन बसलेली, गादीवर बुरशी. आता एक बाकी मागतोय, दुसरा नुकसानभरपाई.

माझं मत असं: सामानवाल्याने जागा घेतली होती, राखण नव्हे. कुलूप त्याचं, किल्ली त्याच्या खिशात, आत काय आहे ते मालकाला ठाऊकही नाही. मग त्या काळातल्या बुरशीचा जाब मालकाला का? पण ज्या दिवशी मालकाने स्वतःचं कुलूप लावलं, त्या दिवसापासून सामान त्याच्या ताब्यात आलं, आणि त्यानंतर जे बिघडलं त्याची जबाबदारी त्याची. भाड्याची बाकी हा वेगळा हिशोब. तो त्या गादीतून वसूल करता येणार नाही.

शेजारधर्म

वा! भाडं बुडवणारा मोकळा, फोन न उचलणारा मोकळा, आणि ज्याची जागा अडकली तोच आरोपी. बाकी थकली की सामान अडवून ठेवायचा हक्क मालकाला हवाच. सामान साठवायचा धंदा करणाऱ्या कंपन्या काय करतात? थकबाकीदाराला आत सोडत नाहीत आणि शेवटी लिलाव करतात. त्यांनी केलं की व्यवहार, आपण केलं की दांडगाई?

पाचर

@शेजारधर्म, कंपनी ते करू शकते, कारण गिऱ्हाइकाने आधीच सही करून ते मान्य केलेलं असतं. शिवाय अमेरिकेत जवळपास प्रत्येक राज्यात या धंद्यासाठी वेगळा कायदा आहे. लेखी नोटीस द्यायची, मुदत द्यायची, मगच विक्री. आणि बाकी वळती करून जे उरेल त्यावर कंपनीचा हक्क नाही. ही सगळी पायरी गाळून फक्त शेवटचं 'विकून टाकलं' तेवढं उचलायचं, असं चालत नाही. दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता विकली तर उद्या तिची किंमत तुमच्याकडूनच मागितली जाईल. आणि किंमत तो सांगेल ती, कारण आत काय होतं याची यादी कुणाकडेच नाही!

जुना बोरू

धागाकर्त्याचा जागा आणि राखण हा फरक कायद्यालाही मान्य आहे, फक्त तो इतका सरळ नाही. इंग्लंडमध्ये १७०३ साली कॉग्ज विरुद्ध बर्नार्ड असा खटला गाजला. बर्नार्डने एका तळघरातून दुसऱ्यात ब्रँडीची पिंपं हलवून देतो म्हणून सांगितलं, मोबदला काही नाही. निष्काळजीपणात एक पिंप फुटलं. न्यायालयाने त्याला जबाबदार धरलं. म्हणजे 'मी तर उपकारच करत होतो' ही सबब तेव्हाही टिकली नाही. वस्तू ताब्यात घेतली की वाजवी काळजी घेणं आलंच.

दुसरा खटला १९८५चा, स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड. तिथे करारावर 'परवाना', म्हणजे जागा वापरायची नुसती मुभा, असं लिहिलं होतं, पण खोल्यांचा ताबा पूर्णपणे राहणारीकडे होता, म्हणून ती भाडेकरू ठरली. कागदाला नाव काय दिलंय यापेक्षा प्रत्यक्षात ताबा कुणाकडे, हे बघायचं. पाच दातांचं खणायचं अवजार बनवून त्याला फावडं म्हटलं तरी ते फावडं होत नाही, अशा अर्थाचं न्यायमूर्तींनी म्हटलं होतं.

शेजारधर्म

बोरूकाका, तुमचे खटले नेहमीसारखे रंजक, पण दोन्ही इथे लागू नाहीत. बर्नार्डने पिंप स्वतः हलवायला घेतलं होतं. इथे मालकाने खोक्याला बोटही लावलेलं नाही. आणि दुसरा खटला राहत्या खोल्यांचा. माणूस राहतो त्या जागेला जे संरक्षण मिळतं ते जुन्या सोफ्याला कशाला?

जुना बोरू

संरक्षण तेवढंच मिळेल असं मी म्हटलेलं नाही. ताबा कुणाचा हे ठरवायची रीत सांगितली. आणि बोट लावलं नाही म्हणता, कुलूप कुणी लावलं?

ओलसर भिंत

कायदा तुमचा चालू द्या, मी त्या बुरशीबद्दल बोलते. गॅरेजची जमीन काँक्रीटची असते. खाली ओल अडवणारा थर नसेल तर काँक्रीट जमिनीतली ओल वर खेचतं. पुठ्ठा ती पितो. खालचं खोकं मऊ पडतं, वरच्या खोक्यांच्या भाराने दबतं, आणि सगळी रास एका बाजूला कलते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी धक्का दिला. हवेतली आर्द्रता बराच काळ ६५–७० टक्क्यांच्या वर राहिली की कापूस, कागद, लाकूड यांवर बुरशी धरायला पुरतं. छत गळावंच लागतं असं नाही. त्यातून गादी भिंतीला टेकून आणि प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवली असेल तर ओल आतच कोंडते. लाकडी पॅलेटवर ठेवायचं, भिंतीपासून हातभर अंतर सोडायचं, पुठ्ठ्याऐवजी झाकणाचे डबे वापरायचे. हे सामान ठेवणाऱ्याचं काम, मालकाचं नव्हे. या एका बाबतीत मी शेजारधर्म यांच्या बाजूने.

पाचर

अर्धवट सहमत. शटरखाली बोटभर फट आहे आणि जोराच्या पावसात पाणी आत येतं, हे मालकाला आधीपासून ठाऊक असेल आणि त्याने ते सांगितलं नसेल, तर मात्र तो सुटत नाही. घेणाऱ्याला एका भेटीत कोरडी जमीन दिसते. पाणी कुठवर येतं ते मालकाने बघितलेलं असतं.

धूर

सगळे खोक्यांवर अडकलेत. मला उलटी भीती जास्त वाटते. आत काय ठेवलंय हे मालकाला माहीतच नाही, ही सोय नव्हे, धोका आहे. अर्धी पेट्रोलची टाकी भरलेलं गवत कापायचं यंत्र, थिनरचे डबे, फुगलेली लिथियम बॅटरी, एखादा गॅस सिलिंडर. गॅरेज घराला चिकटलेलं, वर झोपायची खोली. आग लागली तर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारणार, ही जागा तुम्ही भाड्याने दिल्याचं आम्हाला कळवलं होतं का? घराच्या विम्यात साधारणपणे घरच्यांचं सामान येतं, परक्याचं नाही. त्यामुळे सामानवाल्याचं तर जातंच, मालकाचा स्वतःचा दावाही अडकू शकतो. म्हणून एक किल्ली मालकाकडे हवीच.

खुंटी

@धूर, मुद्दा रास्त, पण किल्ली मालकाकडे गेली की ताबाही थोडा त्याच्याकडे सरकतो. उद्या एखादी वस्तू दिसेनाशी झाली की पहिलं बोट त्याच्याकडे. त्यापेक्षा आत काय ठेवायचं नाही हे आधीच लिहून घ्यावं, आणि बघायचं असेल तेव्हा कळवून, दोघांनी मिळून उघडावं. मेसेजवर चार ओळी लिहिल्या तरी पुष्कळ. रक्कम, तारीख, मुदत, भाडं थकलं तर काय.

पाचर

आणि ठेवताना शटरच्या बाहेरून एक व्हिडिओ. मोबाइल तर सगळ्यांच्या हातात असतो.

शेजारधर्म

हे सगळं आधी करायचं. ज्याच्या गॅरेजात आज सामान पडलंय, समोरचा फोन घेत नाही आणि त्याला घर विकायचंय, त्याने काय करायचं? आरती?

जुना बोरू

दोन त्रयस्थ माणसं बोलवा. त्यांच्यासमोर उघडा, प्रत्येक वस्तूचा फोटो, यादी, सह्या. मग लेखी नोटीस त्याच्या शेवटच्या ठाऊक असलेल्या पत्त्यावर, पोच मिळेल अशा पद्धतीने: अमुक तारखेपर्यंत सामान घेऊन जा, नेण्यापासून अडवणार नाही, बाकीचा दावा वेगळा. मुदत पुरेशी द्या. त्यानंतर कोरड्या जागी हलवलंत तर तो खर्च मागता येईल. विकायचं असेल तर मात्र आधी वकिलाला विचारा, तिथे देशोदेशीचे नियम वेगळे.

शेजारधर्म

आणि नोटीस 'घेणारा सापडला नाही' म्हणून परत आली तर?

जुना बोरू

पाकीट फोडू नका. तसंच यादीबरोबर ठेवून द्या.