यंत्राने तपासलेल्या सिद्धतेला ‘सिद्धता’ म्हणावे का?

शेषफल (लष्कर, ग्वाल्हेर)

गेल्या रविवारी आमच्या वाचनमंडळात एका तरुणाने लीन या प्रणालीची ओळख करून देताना सांगितले, की आणखी दहा वर्षांत गणिताची सिद्धता कोणी डोळ्यांनी वाचणारच नाही. यंत्राकडे द्यायची, त्याने होकार भरला की काम झाले. टाळ्या पडल्या. मला ते पटले नाही, आणि वेळ संपल्यामुळे तेथे बोलता आले नाही, म्हणून येथे मांडतो.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, लीन किंवा कॉक यांसारख्या प्रणालींत सिद्धतेची प्रत्येक पायरी काटेकोर भाषेत लिहावी लागते आणि ती आधीच्या पायऱ्यांवरून खरोखर निघते की नाही, हे संगणक तपासतो. नोव्हेंबर 2023 मध्ये गॉवर्स, ग्रीन, मॅनर्स आणि ताओ या चौघा गणितींनी मार्टन यांची अटकळ (खरे वाटणारे, पण तोवर सिद्ध न झालेले विधान) सिद्ध केली, आणि अवघ्या तीन आठवड्यांत ती सिद्धता लीनमध्ये उतरवून तपासूनही झाली. माझा आक्षेप या वेगाला नाही, शब्दाला आहे.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा 6174 मी वर्षानुवर्षे नववीच्या वर्गात शिकवला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करावी आणि हेच करत राहावे. जास्तीत जास्त सात पावलांत 6174 येते. उदाहरणार्थ 3524 घेतले, तर 5432 वजा 2345 म्हणजे 3087, मग 8352, मग 6174. अशा संख्या 8,991 आहेत आणि संगणक त्या डोळ्याचे पाते लवण्याआधी तपासून टाकतो. परंतु उतरत्या क्रमाने लावलेले अंक अ, ब, क, ड मानले, तर वजाबाकी नेहमी 999(अ−ड) + 90(ब−क) एवढी येते. म्हणजे मूळ संख्या कोणतीही असो, पुढे काय घडणार हे फक्त दोन फरकांवर ठरते, आणि त्या फरकांच्या जोड्या 54 च आहेत. 54 ओळींचा तक्ता मुले एका तासात फळ्यावर पुरा करीत. 8,991 वेळा ‘बरोबर’ असे ऐकण्याला मी पडताळा म्हणेन. 8,991 चे 54 कसे झाले हे ज्यात दिसते, तिला सिद्धता.

एकपदी (इंदूर)

शेषफल सर, आपल्या उदाहरणातच आपल्याला उत्तर आहे. शेवटी ज्या 54 ओळी उरल्या, त्या आपल्या मुलांनीही एकेक करूनच तपासल्या ना? शिवाय नेमके 6174 च का, हे त्या तक्त्यातून कळत नाही. एवढेच कळते, की प्रत्येक ओळ तेथे जाऊन पोहोचते.

आता हीच मांडणी मोठी करून पाहा. कोणताही नकाशा चार रंगांत असा रंगवता येतो, की लगतच्या प्रदेशांना एकच रंग येत नाही, ही अटकळ 1852 पासूनची. 1976 मध्ये अपेल आणि हाकेन यांनी ती सिद्ध केली तेव्हा अगणित नकाशांचा प्रश्न त्यांनी 1,936 आकृत्यांवर आणला, आणि तो आणला स्वतःच्या डोक्याने. त्या आकृत्या तपासण्याचे ओझे तेवढे संगणकावर टाकले. आपले 54 आणि त्यांचे 1,936 यांत फरक फळ्याच्या लांबीचा आहे, प्रकाराचा नाही. 54 ला सिद्धता आणि 1,936 ला पडताळा म्हणायचे असेल, तर सीमारेषा कोणत्या आकड्यावर आखणार?

आणि माणसाने वाचून पटवून घेण्याचे म्हणाल, तर याच प्रश्नावर केंप यांची सिद्धता 1879 मध्ये प्रसिद्ध झाली होती. ती वाचलेल्यांना पटली होती, तिचे कौतुकही झाले होते. हीवूड यांनी 1890 मध्ये तिच्यातली चूक दाखवली, तोवर अकरा वर्षे ती सिद्धता म्हणून वावरली.

किल्ल्याखालचा (ग्वाल्हेर)

गणितात माझी गती बेताचीच, तरीही एक अनुभव सांगतो. आमच्या किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे, एकाच खडकात कोरलेले आणि जेमतेम एका खोलीएवढे. आत संवत 933 चा, म्हणजे इ.स. 876 चा शिलालेख आहे. देवाला रोज फुलांच्या माळा मिळाव्यात म्हणून दिलेल्या बागेचे माप त्यात आहे: 270 हात लांब, 187 हात रुंद, आणि माळा 50. यातल्या 270 चे आणि 50 चे शून्य म्हणजे लहानसे वर्तुळ. पाहुणे आले की मी त्यांना तेथे नेतो आणि ते शून्य बोटाने दाखवतो. मागच्या खेपेला मेव्हण्याने विचारले, “बाकीच्या ओळीत काय लिहिले आहे?” मला एक अक्षरही वाचता आले नाही. ते 270 हातच आहेत, हे मी जाणकारांच्या शब्दावर मानत आलो होतो.

तेव्हा विश्वास सगळेच ठेवतात, हे एकपदी ताईंचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु लिपीतज्ज्ञाला मी विचारू शकतो, की हे वर्तुळ शून्यच कशावरून, आणि तो मला समजेल अशा शब्दांत सांगतो. यंत्राला ‘का’ असे विचारले तर ते दोन लाख ओळी पुढे करते. म्हणून माझे मत शेषफल सरांच्या बाजूने.

शेषफल

आकड्याची सीमारेषा मला आखता येत नाही, हे मान्य करतो. तो प्रश्न नेमका दुखऱ्या जागी लागला. तरी अडचण एवढ्याने मिटत नाही.

नया बाजारात हलवाई लाडवांची रास रचतो, तिच्याहून दाटीने समान गोळे रचताच येत नाहीत, असे केप्लर यांनी 1611 मध्ये म्हटले. जागेचा 74 टक्क्यांहून थोडा अधिक भाग भरतो आणि त्यापुढे कोणतीही रचना जात नाही. हेल्स यांनी 1998 मध्ये याची सिद्धता दिली, पण तिच्यात संगणकाची गणिते एवढी होती, की बारा परीक्षकांचे मंडळ काही वर्षे खपून अखेर सिद्धता बरोबर असल्याची 99 टक्के खात्री आहे, असे सांगून थांबले. तेव्हा हेल्स यांनी सगळी सिद्धता यंत्राकडून पायरीपायरीने तपासून घ्यायचे ठरवले आणि ते काम ऑगस्ट 2014 मध्ये पुरे झाले. उरलेला एक टक्का यंत्राने भरून काढला, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु लाडू तसेच का रचावे लागतात, हे त्या दिवशी आधीपेक्षा अधिक कोणाला कळले? शंका गेली, आकलन होते तेवढेच राहिले. या दोन गोष्टींना दोन शब्द असावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

एकपदी

आकलन वाढत नाही, हे सरसकट खरे नाही. पीटर शोल्झ हे फील्ड्स पदक मिळालेले गणिती. डिसेंबर 2020 मध्ये त्यांनी स्वतःच्याच एका प्रमेयाबद्दल जाहीरपणे सांगितले, की सिद्धता इतकी गुंतागुंतीची आहे, की मला तिची पुरती खात्री वाटत नाही; कोणी ती लीनमध्ये तपासून द्यावी. सहा महिन्यांत कळीचा भाग तपासून झाला आणि जुलै 2022 मध्ये सगळे काम संपले. या निमित्ताने आपल्याच युक्तिवादाचा गाभा कोठे आहे हे अधिक नीट उमगले, असे त्यांनी लिहिले आहे. सुटलेली पायरी यंत्र चालवून घेत नाही, म्हणून लिहिणाऱ्यालाच प्रत्येक ‘उघड आहे’ पाशी थांबावे लागते.

दुसरी गोष्ट सिद्ध करणाऱ्याच्या नावाची. ‘बिझी बीव्हर’ या प्रश्नात विचारतात, की पाच अवस्थांचे ट्यूरिंग यंत्र (ठरावीक नियमांनी पट्टीवर दोनच खुणा वाचत-लिहीत सरकणारा कल्पित संगणक) कोऱ्या पट्टीवर सुरू केले आणि ते कधी तरी थांबणारच असेल, तर ते जास्तीत जास्त किती पावले चालू शकते. 4,71,76,870 एवढी पावले चालणारे यंत्र 1989 मध्येच सापडले होते, पण यापेक्षा जास्त चालून थांबणारे दुसरे नाही, हे 2024 मध्ये कॉकमध्ये सिद्ध झाले. ते करणाऱ्यांत बरेच जण हौशी होते, आणि ज्याने निर्णायक भाग लिहिला तो केवळ टोपणनावाने वावरतो. त्याची पदवी कोणी विचारली नाही, कारण विचारण्याची गरजच उरली नाही. उलट मोचिझुकी यांची 2012 मधील एबीसी अटकळीची (संख्यांची बेरीज आणि त्यांचे अविभाज्य अवयव यांच्या नात्याविषयीच्या विधानाची) सिद्धता घ्या. शोल्झ आणि स्टिक्स यांनी 2018 मध्ये एका ठरावीक जागी खिंडार दाखवले, मोचिझुकी यांनी ते नाकारले, 2021 मध्ये ती सिद्धता छापून आली, आणि तरीही बहुतेक जाणकार तिला मानत नाहीत. किल्ल्याखालचे काका म्हणतात तसा ‘का’ तेथेही विचारून झाला. माणसे समोरासमोर बसली, बोलली, आणि आपापल्या मतांवर कायम राहून उठली.

शून्याधिक (बडोदे)

दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटते आहे. यंत्र तपासते ते लिहिलेले विधान. आपल्या मनातले विधान तेच होते का, हे त्याला ठाऊक नसते. लीनमध्ये नैसर्गिक संख्यांची वजाबाकी केली तर 2 वजा 3 चे उत्तर 0 येते, आणि शून्याने भागल्यास भागाकारही 0 च येतो. ही चूक नव्हे. सोयीसाठी मुद्दाम केलेली व्याख्या आहे. (शून्याला शून्याने भागले तर शून्य, असे ब्रह्मगुप्तानेही 628 मध्ये लिहून ठेवले होते, तेव्हा लीनला सोबत चांगली आहे.) मात्र ही सोय ज्याला माहीत नाही, तो भलतेच विधान लिहील, यंत्र त्यावर शिक्का मारील आणि सगळे खूश होतील. म्हणून सिद्धता वाचली नाही तरी चालेल, पण विधान आणि त्यातल्या व्याख्या माणसाने डोळ्यांत तेल घालून वाचल्याच पाहिजेत.

एकपदी

शून्याधिक यांचे वाचून काल रात्री सरांचा 6174 मीच लीनमध्ये लिहायला घेतला. संख्या घे, अंक वेगळे कर, दोन क्रमांनी लाव, वजाबाकी कर, सात वेळा कर. विधान चार ओळींत बसले. यंत्राने ते खोटे ठरवले आणि पहिलीच संख्या दाखवली: 1000.

1000 वजा 1 म्हणजे 999. माझ्या व्याख्येप्रमाणे 999 चे अंक तीनच, म्हणून पुढची वजाबाकी 999 वजा 999, आणि मग कायमचे शून्य. 2111 ला तेच, 3332 लाही तेच. मोजल्या तर अशा 68 संख्या निघाल्या. पुढचे शून्य धरून 0999 लिहायचे, ही अट सरांच्या पहिल्या मजकुरात नाही आणि माझ्याही डोक्यात आली नव्हती. ती घातल्यावर विधान लगेच सिद्ध झाले.

शेषफल

तक्त्याची पहिलीच ओळ तीच आहे: अ−ड 1, ब−क 0, उत्तर 999. मी ते फळ्यावर दर वर्षी 0999 असे लिहीत आलो आणि तसे का लिहितो हे एकदाही सांगितले नाही. मुलांनीही विचारले नाही. येत्या रविवारी मंडळात 54 ओळींचा तक्ता घेऊन येतो. एकपदी ताई, आपल्या त्या चार ओळी पाठवून द्या, दोन्ही शेजारी शेजारी लावू.