श्रद्धांजली डाईव्ह महिनाअखेरीसच हवी का?

रामबागकर

इंदूरच्या आपल्या डायव्हिंग मंडळातला एक जुना सोबती समुद्रात डाईव्ह करताना वारला. त्याच्या घरच्यांवर कोसळलेल्या दुःखापुढे बाकी सगळं लहान आहे. पण मंडळात दोन गोष्टी न बोलता ठरल्यासारख्या झाल्या आहेत. महिनाअखेरीस सगळ्यांनी कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर जाऊन श्रद्धांजली डाईव्ह करायची, आणि अपघात कसा झाला हा विषय काढायचा नाही. दोन्हींना माझा विरोध आहे.

अंदाज बांधू नयेत, हे मलाही मान्य. 'घाबरला असेल', 'हार्टचंच काहीतरी असणार' ही वाक्यं घरच्यांच्या कानावर गेली की जन्मभर टोचतात. पण अंदाज वेगळे, नोंदी वेगळ्या. सिलिंडरमध्ये हवेचा दाब किती बार उरला होता, बुडून राहण्यासाठी बांधलेला वजनपट्टा अंगावरच होता का, बीसीडीत (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटात) हवा होती का, मनगटावरच्या डाईव्ह काँप्युटरवर वर येण्याचा वेग किती दिसतो, या नोंदी आहेत. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी २००८ साली डायव्हिंगमधल्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या घटनांत सुरुवातीचं कारण सापडलं, त्यांतल्या ४१ टक्क्यांत ते हवा कमी पडणं हे होतं. कुणीतरी प्रत्येक वेळी नोंदी जपल्या म्हणून आज हे कळतंय.

त्यात आपल्याकडचा '५० बार घेऊन बोटीवर', म्हणजे तेवढी हवा शिल्लक ठेवून परतायचं, हा नियम बघा. ११.१ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये ५० बार म्हणजे साधारण ५५५ लिटर हवा. २० मीटरवर एकाची हवा संपली आणि दोघं एकाच सिलिंडरवर आले, तर घाबरलेल्या अवस्थेत दोघांची मिळून पृष्ठभागावरच्या हिशेबाने मिनिटाला ८० लिटर धरा. तिथे दाब ३ बार, हवा तिप्पट लागते, म्हणजे सावरायला लागणाऱ्या एका मिनिटातच २४० लिटर गेले. मिनिटाला ९ मीटरने वर यायला आणखी ३५० लागतात. वर येताना सुरक्षिततेसाठी घ्यायचा ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा धरला तर अजून ३६०. एकूण ९५० लिटर, म्हणजे ८६ बार. थांबा सोडून दिला तरी ५३. हे गणित बोलायचं नाही, तर शोकसभेत बोलायचं तरी काय?

शिप्राकाठ

रामबागकर, गणित बरोबर आहे, वेळ चुकली आहे. अजून तेरावा झालेला नाही. वहिनी आणि मुलगी हे सगळं वाचणार आहेत.

आणि एका माणसाचा तुम्ही विचारच केलेला नाही: त्या दिवशी त्याच्यासोबत पाण्यात उतरलेला जोडीदार. तोही आपल्यातलाच आहे. 'जोडीदार किती लांब होता' हा प्रश्न तुमच्यासाठी नोंद असेल, त्याच्यासाठी तो आरोप आहे. पाण्यात दृश्यता ४-५ मीटर असताना मागे वळून बघेपर्यंत माणूस दिसेनासा होतो, हे आपल्याला कळतं. त्याच्या नातेवाइकांना ते कोण समजावणार? काँप्युटरचा आलेख एकदा व्हॉट्सॲपवर फिरला की त्याखाली शंभर निकाल लागतात.

डाईव्हबद्दल म्हणाल, तर अशा प्रसंगानंतर जे पाण्यापासून लांब राहतात, त्यांच्या मनात भीती घर करते. एकमेकांच्या सोबतीने उतरलं तर ती ओसरते. दुःख एकत्र वाहून न्यावं लागतं, आणि आपल्या लोकांची एकत्र जमायची जागा पाणी हीच आहे.

भूलतज्ज्ञ

मी कुणाच्याच बाजूने नाही, पण एक सांगणं गरजेचं आहे. खोल पाण्यात मृत्यू झालेल्या माणसाच्या शरीरात, त्याला वर आणल्यावर, विरघळलेला नायट्रोजन आपोआप बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो. शवविच्छेदन करणाऱ्याला डायव्हिंगची माहिती नसेल तर रक्तवाहिन्यांतले हे बुडबुडे 'एअर एम्बोलिझम' (हवेच्या बुडबुड्याने रक्तप्रवाह अडणं) म्हणजे मृत्यूचं कारण म्हणून नोंदले जाऊ शकतात. त्यामुळे डाईव्हची खोली, वेळ आणि वर येण्याचा वेग ही माहिती डॉक्टरांपर्यंत पोचायलाच हवी. ती सर्वांसमोर यायची मात्र काहीच गरज नाही. अकस्मात मृत्यूचा पंचनामा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो. माहिती तिथे द्या.

साहित्याचंही तसंच. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोचवणारं उपकरण) सुटा करायचा नाही, गोड्या पाण्याने धुवायचा नाही. सिलिंडरमध्ये किती बार आहेत ते लिहून घ्यायचं आणि व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत बंद झाला ते मोजायचं. मदत करायला धावलेले लोकच सवयीने सगळं धुऊन, आवरून ठेवतात आणि मग काहीच कळत नाही.

अजून एक. पाण्यात उतरल्यावर फुप्फुसात पाणी साठण्याचा एक प्रकार आहे, इमर्शन पल्मनरी एडिमा. रक्तदाबाचा त्रास, थंड पाणी, घट्ट सूट यांमुळे धोका वाढतो. माणूस खोकतो, फेसाळ थुंकी येते, आणि तो खुणेने सांगतो की रेग्युलेटर हवा देत नाही. रेग्युलेटर ठणठणीत असतो. अशा माणसाला धीर देत पाण्यातच ठेवायचं नाही. वर आणायचं, बोटीवर बसतं ठेवायचं आणि ऑक्सिजन लावायचा. डायव्हर्सकडून भरून घेतात त्या २०२० च्या वैद्यकीय प्रश्नावलीत पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान हे वेगळं विचारतात. तिथे सगळीकडे 'नाही' लिहून मोकळं होणं बंद करा, एवढीच विनंती.

तळठाव

मला चर्चेपेक्षा त्या डाईव्हची काळजी जास्त वाटते. शिप्राकाठ, भावना समजतात, पण येणाऱ्यांची यादी बघा. निम्मे लोक वर्षभरात फक्त तरणतलावात उतरलेत. तलावाचं पाणी गोडं, समुद्राचं साधारण अडीच टक्के जड, म्हणून ते माणसाला जास्त वर उचलतं. साहित्यासह १०० किलो भरणाऱ्याला समुद्रात वजनपट्ट्यावर सुमारे अडीच किलो वजन जास्त लागतं. शिवाय २०० बारवरून ५० पर्यंत येताना ॲल्युमिनियमचं सिलिंडर जवळपास दोन किलोंनी हलकं होतं. वजन कमी घेतलेला माणूस सुरुवातीला बरा असतो, शेवटी ५ मीटरवर त्याला थांबता येत नाही. सगळ्यांचं लक्ष पुष्पचक्राकडे असताना हे होणार.

परतीचंही बघा. शनिवार-रविवार डाईव्ह, शेवटची रविवारी दुपारी एकला. उंचीवर दाब कमी झाला की अंगातला नायट्रोजन बुडबुडे बनून बाहेर पडतो, म्हणून अनेक दिवसांच्या डाईव्हनंतर विमानाआधी किमान १८ तास जायला हवेत, म्हणजे गोव्याहून सोमवारी सकाळी सातच्या आधी उड्डाण नाही. गाडीने येणाऱ्यांना वाटतं की आपल्याला हे लागू नाही. ही मर्यादा साधारण ६०० मीटर उंचीपासूनच धरतात आणि वाटेतला आंबोली घाट त्याहून उंच आहे. सोमवारी ऑफिस गाठायचं म्हणून रविवारी रात्रीच घाट चढणारे यादीत आहेत.

शिप्राकाठ

वजनाचा आणि घाटाचा मुद्दा पटला. महिनाअखेर सोडू, दिवाळीनंतरच्या सुट्टीत जाऊ, सोमवारही मोकळा ठेवू. खोली १२ मीटर, त्याखाली कुणी नाही. वर्षभरात समुद्रात न उतरलेल्यांनी बोटीवर थांबायचं. मिनिटाला १५ लिटरने दीड हजार लिटरचं ऑक्सिजन सिलिंडर १०० मिनिटं पुरतं, ते मास्कसकट बोटीवर हवं. हारात दोरा-तार नको, नुसती सुटी फुलं.

पण डाईव्ह होणार. ती रद्द करून तरणतलावावर कवायत घ्यायची, हे मला श्रद्धांजली वाटत नाही.

रामबागकर

या अटींवर डाईव्हला माझा विरोध नाही. तलावाचा दिवस मात्र त्याआधी हवाच. त्यात नुसतं पोहणं नको. प्रत्येकाने पाण्यावर असताना, डोळे मिटून, एका हाताने वजनपट्टा सोडून दाखवायचा. मृत डायव्हर सापडतात तेव्हा वजनं बहुतेकदा अंगावरच असतात.

दुसरं, सिलिंडरचा व्हॉल्व्ह. पूर्ण उघडून पाव फेरी मागे घ्यायची जुनी सवय मोडायची. कुणीतरी मदतीच्या भरात तो उलटा फिरवून पूर्ण बंद करतो आणि मग पाव फेरीच उघडतो. बोटीवर हवा व्यवस्थित येते, २० मीटरवर पुरत नाही. म्हणून दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत चार दमदार श्वास घ्यायचे. श्वासागणिक काटा खाली जाऊन परत वर येत असेल, तर व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही.

नोंदींवर मात्र मी ठाम आहे. चौकशी पूर्ण झाली की त्या मंडळासमोर यायला हव्यात, नाव न घेता का होईना.

शिप्राकाठ

चौकशीनंतर, आणि वहिनींच्या संमतीने. जोडीदाराला आधी घरी जाऊन भेटायचं, तो 'हो' म्हणाला तरच. तो 'नाही' म्हणाला तर विषय तिथेच थांबेल, मग तुमचं गणित कितीही पक्कं असो.

रामबागकर

त्याला भेटायला मी येतो. पण तो 'नाही' म्हणाला तर थांबायचं, हे मला मान्य नाही. त्याचं नाव आणि त्याचा भाग गाळू. बार, खोली आणि वेग हे पुढच्या माणसासाठी लागतात.