सॅन होजेचं जुनं बेसबॉल स्टेडियम: आई-बाबांना न्यायचंय, सल्ला हवा

चकलीभाजणी: आई-बाबा पुण्याहून आलेत. बाबा क्रिकेटवेडे, आई शाकाहारी आणि गुडघ्यांमुळे पायऱ्या जमत नाहीत. मुलगा ६ वर्षांचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या सामन्याची तिकिटं महाग पडतात, म्हणून सॅन होजे जायंट्स हा सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा कनिष्ठ संघ बघायचा विचार आहे. जागा, वेळ, खाणं याबद्दल सांगा.

फाइनलेग: आधी वेळापत्रक बघा. मोसम एप्रिल ते सप्टेंबरची सुरुवात. मंगळवार ते रविवार एकाच संघाशी ६ सामने, सोमवारी सुट्टी. पुढचा आठवडा संघ बहुधा बाहेरगावी, त्यामुळे न बघता गेलात तर कुलूप दिसेल.

स्टेडियम १९४२ चं, मंदीत निघालेल्या रोजगार हमीसारख्या सरकारी योजनेतलं. काँक्रीट, पायऱ्या, बहुतेक जागा उघड्यावर. आईंसाठी ऑनलाइन घाईघाईने तिकीट काढू नका. तिकीट खिडकीवर ‘पायऱ्या चढता येत नाहीत’ असं सांगून ॲक्सेसिबल जागा मागा, सोबतच्या माणसाची जागाही शेजारीच मिळते. स्वस्त म्हणून बाजूचे ब्लीचर (उघडे लांब बाक) घेऊ नका: पाठ टेकायला काही नाही, शिवाय धातूचे बाक उन्हात तापतात आणि रात्री गार पडतात.

सावलीवाला: उन्हाचं बघा. फलंदाजाच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून होम प्लेटपासून (फलंदाज उभा राहतो ती जागा) समोरच्या दुसऱ्या बेसकडची रेषा पूर्व-ईशान्येला असावी असं नियमपुस्तक सुचवतं. तसं मैदान असेल तर तिसऱ्या बेसच्या, म्हणजे फलंदाजाकडून मैदानाकडे बघताना डाव्या बाजूला सावली आधी येते. तरी उपग्रह नकाशात होम प्लेट शोधा आणि पश्चिमेला पाठ होईल अशी बाजू घ्या. जुलैतही सूर्य मावळला की गारठा पडतो, आईंना स्वेटर हवाच.

चकलीभाजणी: धन्यवाद! चेंडू लागण्याची भीती आहे का?

फाइनलेग: आहे. चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जरासाच हलका, आणि तितकाच टणक. जाळी सरळ येणारा फटका अडवते, उंच उडालेला तिच्यावरून येतो. उजवा फलंदाज उशिरा बॅट फिरवतो तेव्हा फाउल (रेषेबाहेर जाणारा फटका) पहिल्या बेसच्या, म्हणजे उजव्या बाजूला जातो. तिथे बसलात तर पिचर (गोलंदाज) चेंडू टाकताना मोबाइल खाली. बाबांना आधीच सांगा: झेललेला चेंडू परत द्यायचा नसतो, तो आपलाच!

तिखटमीठ: खाण्यात गार्लिक फ्राइज, नाचो. नाचोवर मांस नको हे ऑर्डर देतानाच सांगा. फ्राइजचं तेल वेगळं आहे का तेही विचारा, अनेक ठिकाणी त्याच कढईत चिकन तळतात. बार्बेक्यूच्या धुरापासून आईंना लांब बसवा. ‘बिअर बॅटर’ ही इथली प्रथा: पाहुण्या संघाचा ठरलेला फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला की बिअर अर्ध्या किमतीत. मग रांगेकडे जी झुंबड उडते, त्यात मुलाचा हात धरा.

सावलीवाला: गेट उघडताच आत जा. सही हवी असेल तर डगआउटजवळच्या (खेळाडू बसतात ती जागा) कठड्याशी चेंडू आणि पेन घेऊन उभं राहायचं, सामना सुरू झाल्यावर नाही. ही पोरं विशी-बाविशीची, नावं ऐकलेली नसतात. पण बस्टर पोझी आणि मॅडिसन बमगार्नर २००९ मध्ये इथेच खेळले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या २०१० च्या जगज्जेत्या संघात होते.

सप्टेंबरच्या शनिवारी शेजारच्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा सामना असला तर पार्किंग विसरा. कॅल्ट्रेन या लोकल रेल्वेचं टेमियन स्टेशन दोन-अडीच किलोमीटरवर आहे, तिथून टॅक्सी करा, आईंना चालवू नका.