रिपोर्टात चार औषधांपुढं 'आर' आलंय, पिलांनी तर औषध कधी खाल्लंच नव्हतं

शेडवाला_जिंतूर

नमस्कार मंडळी. जिंतूर तालुक्यात आमचं पाच हजार पक्ष्यांचं ब्रॉयलरचं शेड आहे, करारावर, म्हणजे पिलं खाद्य औषध कंपनीचं आणि शेड लाईट पाणी तूस मेहनत आपली. मागच्या बॅचला पाचव्या दिवसापासून मरतूक सुरू झाली, पिलं पंख पाडून ब्रूडरखाली गोळा व्हायची, बुडाला पांढरं चिकटलेलं. कंपनीचे सुपरवायझर म्हणले एनरो हे अँटिबायोटिक सोडा पाण्यातून, पाच दिवस सोडलं, काही फरक नाही, मग डॉक्सी (टेट्रासायक्लिनच्या घराण्यातलं) दिलं तेबी वाया गेलं. शेवटी मीच ताजी मेलेली चार पिलं बर्फात घालून परभणीला व्हेटर्नरी कॉलेजात नेली. रिपोर्टात सालमोनेला नावाचा जंतू निघाला आणि खाली तक्ता, आर म्हणजे औषध लागू पडत नाही आणि एस म्हणजे पडतं, एनरोफ्लॉक्सासिन आर, टेट्रासायक्लिन आर, ॲम्पिसिलिन आर, को-ट्रायमोक्साझोल आर. जेंटामायसिन तेवढं एस.

आता मला कळंना झालंय ते असं की पिलं एका दिवसाची आलेली, त्यांनी आधी औषध खाल्लं कधी आणि सवय लागली कधी? दुसरं, को-ट्रायमोक्साझोल तर आमच्या शेडात आजवर एकदाबी वापरलं नाही, त्याच्यापुढं आर कसं काय? आणि घरात चार वर्षांची लेक आहे, आम्ही शेडातलाच पक्षी कापून खातो, त्याची धास्ती बसलीय. कुणी नीट सांगंल का, नुसतं 'डॉक्टरला दाखवा' नका म्हणू, दाखवून झालंय.

पशुवैद्य_उदगीरकडचा

दादा, नमुना स्वतः नेलात हे फार चांगलं केलंत, बहुतेक जण तिसरं औषध टाकून बघतात आणि बॅच हातची जाते.

पहिली गोष्ट, सवय पिलाला लागत नाही, पक्ष्याच्या अंगाला तर नाहीच नाही. औषधाला दाद न देणं हा त्या जंतूचा गुण आहे आणि तो त्याच्या जीनमध्ये लिहिलेला असतो. पिलू कोरं असलं तरी जंतू कोरा नसतो. सालमोनेलाच्या काही जाती आईच्या अंड्यातूनच पिलात उतरतात, आणि हॅचरीत, म्हणजे अंडी उबवतात तिथं, एक बाधित अंडं फुटलं की तिथल्या उडणाऱ्या लवेतून शेजारच्या शेकडो पिलांना लागतं. म्हणजे औषध ब्रीडर कोंबड्यांनी, पिलांच्या आयांनी, खाल्लेलं असू शकतं, त्यांच्या आधीच्या पिढीनं खाल्लेलं असू शकतं, आणि त्यात तगलेला जंतू तुमच्या खोक्यातून आयता येतो.

एनरोचं गणित वेगळं आहे. हे औषध जंतूच्या गायरेज नावाच्या एन्झाइमला जाऊन चिकटतं, डीएनएचा पीळ सोडवायचं काम त्याचं. ते अडलं की जंतूची वाढ खुंटते आणि तो मरतो. आता कोट्यवधी जंतूंत एखाद्याच्या जायआरए जीनमध्ये नक्कल करताना चूक होते, ८३ व्या किंवा ८७ व्या जागेचं अमिनो आम्ल बदलतं, आणि औषधाला चिकटायला जागाच नीट राहत नाही. एक बदल झाला की औषध कमी लागू पडतं, मग दुसरा झाला, पार्क-सी जीनमध्येही झाला, की पूर्ण आर. एनरो आणि माणसांना देतात ते सिप्रो एकाच घराण्यातले, आणि शरीरात एनरोचा काही भाग सिप्रोच होतो, म्हणून शेडात झालेला हा बदल माणसाच्या औषधालाही नडतो. अमेरिकेनं २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एनरो बंद केलं ते कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या दुसऱ्या जंतूमुळं, पण कारण हेच होतं.

सूक्ष्मजीव_नांदेड

को-ट्रायमोक्साझोलवर, म्हणजे सल्फा आणि ट्रायमेथोप्रिमच्या जोड औषधावर, मी लिहिते, एमएस्सीला माझा हाच विषय आहे त्यामुळं जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

जंतूच्या मुख्य गुणसूत्राशिवाय त्याच्याकडं डीएनएची छोटी वेगळी कडी असते, प्लाझमिड. एक जंतू दुसऱ्याला चिकटून ही कडी देऊ शकतो, आणि दोघं एकाच जातीचे असायला पाहिजेत असंही नाही, कोंबडीच्या आतड्यातला साधा ई. कोलाय सालमोनेलाला देतो. त्या कडीवर जीन एकेकटे नसतात, एका दावणीला बांधलेल्या जनावरांसारखे एका मागं एक असतात. टेट्रासायक्लिन बाहेर उपसून टाकणारा टेट-ए, सल्फाला दाद न देणारा सल, ट्रायमेथोप्रिमसाठी डीएफआर, ॲम्पिसिलिन फोडणारा ब्ला-टेम. कुणी नुसतं डॉक्सी दिलं तरी जगतो कोण, तर ती कडी असलेला जंतू, आणि जगतो तो सगळी दावण घेऊनच जगतो. त्यामुळं को-ट्रायमोक्साझोल तुम्ही कधीच वापरलं नाही तरी त्याच्यापुढं आर येतं. दादांच्या जंतूत नेमके कुठले जीन आहेत ते पीसीआर ही जीनची तपासणी केल्यावरच कळंल, पण एवढी चौकडी एकत्र आली की मला तरी आधी प्लाझमिडचाच संशय येतो.

ब्रॉयलरमध्ये सालमोनेला इन्फँटिस नावाचा प्रकार अनेक देशांत पसरलाय, त्याच्यात पेसी नावाचा मोठा प्लाझमिड असतो, डीएनएच्या जवळपास २८० हजार अक्षरांचा, पहिल्यांदा इस्रायलमध्ये सापडला. त्यावर टेट्रासायक्लिन, सल्फा, ट्रायमेथोप्रिम तर आहेतच, पारा सहन करायचे जीनसुद्धा आहेत. आणि अशा प्लाझमिडवर विष आणि उताऱ्याची जोडी असते. विष टिकाऊ, उतारा लवकर संपणारा. विभागणी होताना ज्या पेशीकडं प्लाझमिड आला नाही तिच्यात जुनं विष शिल्लक राहतं, नवा उतारा तयार होत नाही, ती मरते नाहीतर वाढायची थांबते. म्हणून एक बॅच औषध बंद ठेवलं की लगेच जंतू कोरे होतील असं होत नाही, हे मला फार अस्वस्थ करतं.

माणसांतलं उदाहरण द्यायचं तर २०१६ पासून पाकिस्तानात सिंधमध्ये जो टायफॉइड पसरला त्यात टायफॉइडच्या जंतूनं, टायफीनं, असाच प्लाझमिड घेतला होता, त्याची ओळ ई. कोलायमधल्या प्लाझमिडशी जुळली. आधीच तीन औषधं गेलेली, वरून सेफ्ट्रियाक्झोनही गेलं.

लेअरवाला_अंबाजोगाई

सगळं पटतंय ताई पण शेतकऱ्यानं करायचं काय ते सांगा. करारात औषध आमच्या हातात नसतं, पिलं उतरली की पहिल्या दिवसापासून पाण्यात काहीतरी सोडायला देतात आणि नाही सोडलं अन् मर झाली तर बोट आमच्याकडंच. माझ्या जुन्या शेडात मी दहा वर्षं तेच केलं. शेजारच्या शेडात मर झाली की आपल्याकडंबी आधीच सोडायचं. आज त्याचं वाईट वाटतं.

पशुवैद्य_उदगीरकडचा

काका, तुमचं म्हणणं खरं आहे, सगळा भार शेडवाल्यावर टाकून चालणार नाही, हॅचरी आणि ब्रीडरकडंच आधी बघायला पाहिजे. कॅनडात क्यूबेक प्रांतात हॅचऱ्या अंड्यातच सेफ्टिओफर हे अँटिबायोटिक टोचायच्या. २००५ मध्ये त्यांनी आपणहून थांबवलं तर कोंबडीतला आणि माणसांतला, दोन्हीकडचा दाद न देणारा सालमोनेला हायडलबर्ग खाली आला, आणि नंतर थोडं पुन्हा सुरू केलं तर परत वर चढला. थांबवल्याचा उपयोग होतो, फक्त वेळ लागतो आणि सगळ्यांनी मिळून थांबवावं लागतं. आपल्याकडं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक जनावरांत २०१९ पासून बंद आहे, त्याला दाद न देणारा एमसीआर-१ जीन प्लाझमिडवर सापडल्याचं चीनमधून २०१५ ला जाहीर झालं होतं. तरी जुन्या पिशव्यांवरचं नाव वाचून बघा.

शेडात आपल्या हातात आहे ते सांगतो. रिपोर्टाशिवाय आणि मर नसताना औषध सोडायचं नाही. दिलं तर वजनानुसार पूर्ण डोस पूर्ण दिवस, अर्ध्या डोसात पहिला बदल झालेला जंतूच तगतो. बॅच गेली की जुनं तूस सगळं बाहेर, पाण्याच्या लाईनीतला बुळबुळीत थर काढायचा, नुसता चुना मारून भागत नाही, आणि दोन आठवडे शेड मोकळं. उंदीर मारा, उंदराच्या लेंडीतून हा जंतू एका बॅचमधून दुसऱ्या बॅचला जातो. लेअरवाल्यांना, म्हणजे अंड्याच्या कोंबड्या पाळणाऱ्यांना, लस मिळते ती चुकवू नका.

लेकीचं म्हणाल तर पक्षी नीट शिजला की जंतू मरतो, मग तो आर असो का एस. घात होतो तो विळीवर, पाटावर, कच्चं मटण नळाखाली धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांत, आणि त्याच विळीवर चिरलेल्या काकडीत. औषध चालू असलेला पक्षी ठरलेले दिवस उलटल्याशिवाय कापू नका, तो प्रश्न मांसात उरणाऱ्या औषधाचा आहे, जंतूचा वेगळा. पोरीला जुलाब झाले तर ओआरएस सुरू करा, मेडिकलवरून परस्पर सिप्रो आणू नका, ताप जास्त असला किंवा शौचात रक्त दिसलं तर डॉक्टरांकडं न्या आणि घरी कोंबड्याचं शेड आहे हे आधी सांगा.

शेडवाला_जिंतूर

लई उपकार झाले तुमच्या सगळ्यांचे. पहिल्यांदा कुणीतरी समजंल असं सांगितलं. सुपरवायझरांना रिपोर्टाचा फोटो पाठवलाय आणि पिलं कुठल्या हॅचरीची ते लेखी मागितलंय, बघू काय म्हणतात. अजून एक राहिलं, ह्या बॅचचं तूस आम्ही दरसाली हळदीला टाकतो, पाहुण्यांनी वसमतलाबी मागितलंय. देऊ का?

सूक्ष्मजीव_नांदेड

ताजं अजिबात नका देऊ दादा. खतात जंतू महिनोन् महिने तगतात आणि प्लाझमिड मातीतल्या जंतूंनाही देतात. शेडापासून आणि विहिरीपासून लांब ढीग घाला, पाणी मारून ओल ठेवा, आत ५५ अंशांच्या वर ताव चढला पाहिजे आणि काही दिवस टिकला पाहिजे. ताव उतरला की पालथा घालून परत चढू द्या, कारण ढिगाच्या कडेचं कधी तापतच नाही. असं तीन-चार वेळा करून काळं भुसभुशीत झालं, वास गेला, की मग हळदीला टाका. पाहुण्यांनाही तेव्हाच द्या.