‘डाय’ म्हणजे मरण की कलप?

मूळ प्रश्न
नाट्यवाचन गटासाठी टिपण लिहितेय आणि शीर्षकातच अडलेय. पीटर-डर्क एस (स्पेलिंग बघून बरेच जण ‘यूस’ म्हणतात) हे दक्षिण आफ्रिकेतले गोरे नट. १९८१ साली जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरात त्यांनी एकट्याच्या जिवावर ‘अडॅप्ट ऑर डाय’ हा विनोदी प्रयोग लावला. पंतप्रधान बोथांनी गोऱ्यांना बजावलं होतं, बदला नाहीतर मराल. एस यांनी ‘डाय’च्या स्पेलिंगमधलं एक अक्षर फिरवलं (die चं dye) आणि मरणाचं रंगवणं झालं. जिथे मत, शाळा, लग्न, बागेतलं बाकडं सगळं कातडीवर ठरायचं, तिथली ही कोटी. पण देवनागरीत दोन्ही ‘डाय’ सारखेच! काय करावं? शिवाय याला ‘एकपात्री’ म्हणावं का? आणि तिथल्या त्या व्यवस्थेला ‘वर्णद्वेष’ बरोबर की ‘वंशवाद’?

प्रतिसाद
ताई, देवनागरीत उलट गंमत वाढते. आपल्याकडे ‘डाय’ म्हटलं की मरण कुणाला आठवतं? सलूनवाला विचारतो, ‘काका, डाय करायचा का?’ म्हणजे एस यांनी मागे दडवलेला अर्थ आपल्याला आधी ऐकू येतो आणि बोथांचा नंतर. भाषांतरच हवं असेल तर ‘बदला, नाहीतर कलप लावा’. मरण हातचं जातं खरं, पण बोथा नेमके सापडतात. १९८३च्या घटनेनं त्यांनी कलर्ड (म्हणजे मिश्रवंशीय) आणि भारतीय लोकांना वेगवेगळी सभागृहं दिली, बहुसंख्य काळ्यांना काहीच नाही. कलपच तो, मुळं पांढरीच.

प्रतिसाद
‘जुळवून घ्या, नाहीतर रंगवून घ्या’? निदान ठेका राहतो.

मूळ लेखिका
ठेका आहे, पण पंतप्रधान असं बोलेल का? पोस्टरवर चालेल.

प्रतिसाद
‘एकपात्री’ रूढ आहे म्हणून वापरा, पण शब्द खोटं बोलतो. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे ५२ पात्रं उभी करायचे. नट एक, पात्रं बावन्न! एस यांचंही तेच. चष्मा आणि टोपी बदलली की बोथा, विग आणि खोट्या पापण्या चढवल्या की एविटा बेझायडनहाउट. ही एविटा सरकारी गोटातली, नटलेली, गोड बोलणारी गोरी बाई. ती सरकारची टिंगल करतच नाही, मनापासून बाजू घेते. खुर्चीतला गोरा माणूस हसतो, आणि मग त्याला तिच्यात स्वतःची मावशी दिसायला लागते. पुरुषानं बाई होऊन असं बोलणं आपल्याला नवं नाही. भारुडात मिशीवाला बुवा डोक्यावर पदर घेऊन सून होतो आणि देवीला नवस बोलून सासू-सासऱ्यांना वाटेला लावतो. याला आपल्याकडे शब्द आहे, ‘सोंग’. एस सोंगं काढतात, असं लिहा.

(जाता जाता : डार्लिंग गावच्या जुन्या रेल्वे स्टेशनात त्यांनी थिएटर थाटलं, ‘एविटा से पेरॉन’. तिथल्या गोऱ्यांच्या आफ्रिकान्स भाषेत पेरॉन म्हणजे फलाट, आणि वर अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षांची गाजलेली बायको एविटा पेरॉन. याचं मराठी करा म्हणू नका.)

प्रतिसाद
काका, सोंगाला हल्ली ढोंगाचा वास येतो. ‘काय सोंगं करतोस’ हेच कानावर पडतं.

प्रतिसाद
येऊ दे की वास. ढोंग उघडं पाडायलाच तर सोंग काढतात.

प्रतिसाद
मी तिसऱ्या प्रश्नाचं बघतो. ‘वंशवाद’ कानाला समाजवाद-गांधीवादासारखा लागतो, जणू कुणाचं तत्त्वज्ञान. ‘वर्णद्वेष’ वर्तमानपत्रांनी रुळवलाय. पण द्वेष मनात असतो. तिथे १९५०चा लोकसंख्या नोंदणी कायदा होता. माणूस कुठल्या गटातला याची शंका आली तर केसांत पेन्सिल खोचून बघायचे : पडली तर गोरा, अडकली तर नाही. पेन्सिल खोचणाऱ्याला समोरच्याचा राग यायलाच हवा असं नव्हतं. काम उरकून तो घरी जेवायला जायचा. म्हणून त्या व्यवस्थेला ‘वर्णभेद’ म्हणावं, तिचं तिथलं नाव ‘अपार्टहाइट’, त्याचा मूळ अर्थही वेगळेपणच. ‘वर्णद्वेष’ माणसाच्या वागण्यासाठी राखून ठेवावा. ‘वर्ण’ म्हटल्यावर मराठी वाचकाला चातुर्वर्ण्य आठवतं, ही काहींना अडचण वाटते. मला सोय वाटते.

आणखी एक. गट बदलून मिळण्याची सोय त्याच कायद्यात होती, त्याचे आकडेही जाहीर व्हायचे. १९८०च्या दशकात एका वर्षी ७०२ कलर्ड ‘गोरे’ झाले आणि १९ गोरे ‘कलर्ड’. काळ्याचा गोरा मात्र एकही नाही. आपले विनोद सरकारच लिहून देतं, म्हणून आपण कर नव्हे, रॉयल्टी भरतो, असं एस सांगत आले ते काही उगाच नाही.

मूळ लेखिका
सगळ्यांचे आभार. ‘वर्णभेद’ घेतला, ‘सोंग’ही घेतलं. ‘कलर्ड’ला मी ‘रंगीत’ लिहिलं होतं, वाचताना टीव्ही वाटला, खोडलं. ‘कलर्ड’च ठेवून एकदा ‘मिश्रवंशीय’ असा खुलासा केलाय. शीर्षकाला ‘कलप’ पक्का. काल गटात वाचून दाखवलं तर आमच्यातले एक काका डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, ‘मग मी बसायचं कुठे?’